'ध'चा 'मा' आणि आपल्या रक्तातील एक अक्षर

(बी. ए. भाग २)

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना 'ध'चा 'मा' ही गोष्ट नव्याने सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की, गारद्यांना दिलेल्या पत्रात राघोबादादांनी नारायणरावांस 'धरावे' असे लिहिले होते. आनंदीबाईंनी त्यातील 'ध' खोडून 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. ही गोष्ट पुराव्याने सिद्ध करणे अवघड आहे. पण एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे मराठी माणसाला पटले म्हणूनच तिचा वाक्प्रचार झाला.

असेच एक बदललेले अक्षर आपल्या विदर्भात कितीतरी घरांमध्ये रक्तात लिहिलेले आहे. त्याने होणाऱ्या आजाराला सिकलसेल म्हणतात. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक मी हाती घेतले नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे घरी विचारावे असे कोणी नाही. मग मी या विषयावर का लिहिते? कारण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमची रक्ततपासणी झाली आणि माझ्या कार्डावर 'एएस' अशी दोन अक्षरे आली. माझ्या आतेभावाच्या कार्डावर 'एसएस' आहे. मी वर्गात बसून इतिहास शिकते आणि तो वर्षातून दोनतीनदा हातपाय ठणकतात म्हणून दवाखान्यात पडून असतो. आम्हां दोघांत फरक एवढ्या एका अक्षराचा! तो समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. विज्ञान शाखेच्या सरांना विचारून, ग्रंथालयातील पुस्तके चाळून जे समजले ते माझ्यासारख्याच कला शाखेच्या मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडते.

वही आणि उतारा

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. हा धागा म्हणजे एक लिखित मजकूर आहे. आपल्या मराठीला बाराखडी लागते, पण या मजकुराला फक्त चार अक्षरे पुरतात : ए, टी, जी आणि सी. आईकडून किंवा बापाकडून आलेल्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यातील एखादे प्रथिन कसे बनवावे हे सांगणारा जो उतारा, त्याला जनुक म्हणतात.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. परंतु केस, स्नायू, अन्न पचविणारे रस, रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन ही सारी प्रथिनेच. शरीराचे बहुतेक काम तीच करतात. म्हणून डीएनएतील मजकूर म्हणजे मुख्यतः प्रथिने बनविण्याच्या सूचना होत.

आता गंमत अशी की, सूचना केंद्रकात आणि प्रथिने बनतात केंद्रकाबाहेर. मूळ मजकूर तर बाहेर न्यायचा नाही. मग काम कसे चालते? हे वडिलांना समजावताना मला सातबारा आठवला. शेतीची मूळ वही पटवाऱ्याच्या दप्तरात राहते. बँकेत पीककर्जाला जाताना आपण वही उचलून नेत नाही, आपल्या गटापुरता उतारा काढून नेतो. पेशीही तेच करते. हव्या त्या जनुकाची नक्कल करून ती बाहेर पाठवते. या उताऱ्याला संदेशवाहक आरएनए म्हणतात. त्याची लिपी डीएनएसारखीच, फक्त 'टी'च्या जागी 'यू' लिहितात. नक्कल झाल्यावर त्यातला कामाचा नसलेला मजकूर कापून टाकला जातो आणि उरलेले तुकडे जोडून सुटसुटीत उतारा बाहेर पडतो.

तीन अक्षरांचा शब्द

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी २० प्रकारचे असतात आणि कोणता मणी कोणत्या जागी ओवला यावर प्रथिनाचा आकार आणि काम ठरते. पण लिपीत अक्षरे चार आणि मणी वीस! हा मेळ कसा बसायचा? एका अक्षराला एक मणी म्हटले तर चारच मणी सांगता येतील. दोन अक्षरांचे शब्द केले तर १६ होतात, तेही अपुरे. तीन अक्षरांचे केले तर ४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ६४ शब्द होतात. निसर्गाने हाच मार्ग धरला आहे. ६४ पैकी ६१ शब्द मण्यांची नावे आहेत आणि यूएए, यूएजी व यूजीए हे तीन शब्द पूर्णविरामाचे. शब्द जास्त आणि मणी कमी, म्हणून एकाच मण्याला अनेक नावे असतात. आपल्या भाषेत पाण्याला जल, नीर, उदक म्हणावे तसे.

हा शब्दकोश माणसाला वाचता आला तो १९६१ ते १९६६ या काळात. १९६१ साली अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी फक्त 'यू यू यू यू' अशी अक्षरे असलेला आरएनए प्रथिन बनविणाऱ्या मिश्रणात टाकला, तेव्हा फिनाइलअॅलॅनिन या एकाच मण्याची माळ तयार झाली. पहिला शब्द सापडला! पुढे हरगोविंद खुराना यांनी ठरवून लिहिलेले आरएनए तयार केले. 'यूसी यूसी यूसी' असा आरएनए तीनतीन अक्षरांनी वाचला तर यूसीयू, सीयूसी, यूसीयू, सीयूसी असे दोन शब्द आळीपाळीने येतात. माळेतही सेरीन आणि ल्युसीन हे दोनच मणी आळीपाळीने आले. तीन अक्षरांच्या शब्दाचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? १९६८ साली खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

खुरानांची हकिगत वाचताना मला फार आनंद झाला. त्यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील रायपूर या लहानशा खेड्यात झाला. सुमारे शंभर वस्तीच्या त्या गावात लिहितावाचता येणारे जवळजवळ तेवढे एकच घर होते. त्यांची सुरुवातीची शाळा झाडाखाली भरे. आणि त्यांचे वडील कोण होते? गावचे पटवारी! ज्याच्या बापाने गावच्या वह्या लिहिल्या, त्याच्या मुलाने साऱ्या सजीवांच्या वहीची भाषा वाचून दाखविली.

मणी ओवणारे यंत्र

केंद्रकाबाहेर आलेला उतारा वाचण्याचे काम रायबोझोम नावाचे अतिसूक्ष्म यंत्र करते. ते उताऱ्यावर बसते, 'एयूजी' हा आरंभाचा शब्द गाठते आणि तेथून तीनतीन अक्षरे वाचत पुढे सरकते. मणी आणून देण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे आरएनए असतात. त्यांना मी हमाल म्हणते. बाजार समितीतील हमालाजवळ जसा बिल्ला असतो, तसा या प्रत्येक हमालाच्या एका टोकाला तीन अक्षरांचा बिल्ला असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच बिल्ल्याचा ठराविक मणी. उताऱ्यावरील शब्द आणि हमालाचा बिल्ला जुळला तरच रायबोझोम त्याला जागा देते, मणी उतरवून माळेत ओवते आणि रिकाम्या हमालाला रवाना करते. मग पुढचा शब्द, पुढचा हमाल. पूर्णविरामाचा शब्द आला की माळ सुटी होते आणि घड्या पडून तिला आकार येतो.

या यंत्राची बारीक रचना शोधून काढल्याबद्दल २००९ साली चिदंबरम येथे जन्मलेले वेंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हिमोग्लोबिनचा एक रेणू अशा चार माळांचा बनतो : दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा माळेत १४१ मणी, बीटा माळेत १४६. प्रत्येक माळेच्या कुशीत लोह असलेला एक घटक असतो आणि तो प्राणवायू धरून ठेवतो. हाडांतील मगजात तांबड्या पेशी घडत असताना हे काम अहोरात्र चालते. सेकंदाला पाचएक मणी या वेगाने एक बीटा माळ साधारण अर्ध्या मिनिटात ओवून होते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरले जातात आणि शेवटी ती पेशी आपले केंद्रकच बाहेर टाकून रक्तात उतरते. म्हणजे माल भरून झाला की वहीही ठेवायची नाही! अशा सुमारे २० लाख पेशी आपले शरीर दर सेकंदाला तयार करते.

एका मण्याची अदलाबदल

बीटा माळेच्या सूचनेत आरंभाच्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत ४४४ अक्षरे आहेत. आरंभाचा मणी नंतर काढून टाकला जातो. त्यानंतरचे मणी मोजले तर सहाव्या जागी वहीत 'जीएजी' हा शब्द असतो. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये तेथे मधले अक्षर बदलून 'जीटीजी' झालेले असते, उताऱ्यात 'जीयूजी'. त्याचा अर्थ व्हॅलीन. ४४४ अक्षरांतले एक अक्षर, १४६ मण्यांतला एक मणी. बाकी सारे जसेच्या तसे.

प्रत्येक अक्षरबदल असा घातक नसतो. 'जीएजी'चे 'जीएए' झाले असते तर काहीच बिघडले नसते, कारण ते ग्लुटामिक आम्लाचेच दुसरे नाव आहे. परंतु येथे मण्याचा स्वभावच बदलला. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युत्भार असतो आणि त्याचे पाण्याशी पटते. व्हॅलीनचे पाण्याशी पटत नाही. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की एका रेणूचा हा व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतो, त्या रेणूला तिसरा चिकटतो आणि पेशीच्या आत लांब, ताठ दोर तयार होतात. गोल, लवचिक पेशी वाकून विळ्यासारखी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि हाडांत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस टिकते, ही दहावीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. माझ्या आतेभावाला लहानपणी किती वेळा कावीळ म्हणून झाडपाला दिला आणि किती वेळा 'बाहेरचे' म्हणून उतरवून टाकले, त्याची मोजदाद नाही.

मी हे सारे वडिलांना सांगितले. ते चौथी शिकलेले. शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे उतारा खोटा नाही, वहीतच तसं लिवलं हाये!" माझ्या मते याहून चांगला सारांश होणार नाही. पेशी आपले काम चोख करते. नक्कल बरोबर, हमाल बरोबर, ओवणेही बरोबर. जे लिहिले आहे ते ती इमानाने पार पाडते.

हे अक्षर आले कोठून?

विळ्यासारख्या पेशींची पहिली वैद्यकीय नोंद १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. नेमका कोणता मणी बदलला हे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधले. भारतात १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि १९५८ साली आपल्या नागपूरकडे याची नोंद झाली. आज गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ आणि तिकडे नंदुरबार या जिल्ह्यांत हा आजार माहीत आहे. आदिवासी समाजांत तो आहे, तसाच इतर समाजांतही आहे.

लोक विचारतात, एवढे वाईट अक्षर पिढ्यान्पिढ्या टिकले कसे? याचे उत्तर १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. ज्याच्याकडे हे अक्षर एकाच वहीत आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जेथे शेकडो वर्षे हिवताप होता, तेथेच हे अक्षर टिकून राहिले. आपलाही मुलूख जंगलाचा आणि हिवतापाचा. तेव्हा हे कोणाचे पाप नव्हे आणि शापही नव्हे. आपल्या कित्येक पूर्वजांना याच अक्षराने तापातून वाचविले असेल.

दोन वह्या

प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन वह्या असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. दोन्ही ठीक असतील तर 'एए'. एक ठीक आणि एक बदललेली असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. वाहकाच्या पेशीत दोन्ही प्रकारच्या माळा तयार होतात. चांगल्या माळांमुळे दोर सहसा बनत नाहीत. म्हणून वाहक आजारी नसतो आणि पुढेही त्याचा आजार होत नाही. माझ्यासारखी मुलगी शेतात राबू शकते, शिकू शकते, धावू शकते.

आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाच्या वेळी चार चिठ्ठ्या असतात : एक 'एए', दोन 'एएस', एक 'एसएस'. पहिले बाळ आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील असे नाही. दर खेपेला चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात. पण दोघांपैकी एक 'एए' असेल तर बाळ वाहक होऊ शकते, 'एसएस' मात्र होत नाही.

तपासणीही सोपी आहे. बोटाच्या रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. 'एस' हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. मग 'एएस' की 'एसएस' हे दुसऱ्या चाचणीने ठरते. त्यांपैकी एका चाचणीत रक्तद्रव्य विजेच्या प्रवाहात सरकू देतात. ग्लुटामिक आम्लाचा ऋणभार गेल्यामुळे 'एस' हिमोग्लोबिन मागे रेंगाळते. पॉलिंगनी हाच फरक टिपला होता.

'एसएस' रुग्णालाही उपाय आहेत. भरपूर पाणी पिणे, थंडी आणि अतिश्रम टाळणे, लसी घेणे, फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया. या औषधाने काय होते? आपण आईच्या पोटात असताना वेगळ्या जनुकावरून गर्भाचे हिमोग्लोबिन बनत असते आणि त्या जनुकात ही चूक नसते. जन्मानंतर ते जवळजवळ बंद होते. औषधाने ते पुन्हा काही प्रमाणात बनू लागते आणि दोर बनणे कमी होते. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने जनुकातच बदल करणाऱ्या कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. तोही हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. आपल्या खेड्यातील माणसाला आज तरी गोळी, पाणी आणि वेळेवर केलेली तपासणी हाच खरा आधार आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा प्रश्न संपविण्याचा त्याचा उद्देश आहे.

कार्ड आणि सोयरीक

अभियान सरकार चालवील, पण कार्ड घरात कोठे ठेवायचे हे आपण ठरवितो. माझे कार्ड आले त्या दिवशी आई हळूच म्हणाली, "हे कोनाले सांगू नोको, बाई. तुयं लगन व्हाचं हाये." आईला दोष देता येत नाही. आमच्या नात्यातील एका मुलीची ठरलेली सोयरीक कार्ड पाहून मोडली. ती मुलगी 'एएस' होती. मुलाने तर तपासणीच केली नव्हती! तो 'एए' असता तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. आणि 'एएस' असता तर प्रश्न दोघांचा होता, एकट्या मुलीचा नव्हता. एकच कार्ड पाहून काही कळत नाही. दोन कार्डे शेजारी ठेवली तरच अर्थ लागतो.

उलट माझ्या आत्याच्या घरी कोणीच कार्ड पाहिले नाही, कारण त्या काळी ते कोणाजवळ नव्हतेच. आत्या आणि मामंजी दोघेही वाहक आहेत, हे मुलगा आजारी पडल्यावर कळले. लपविल्याने मुली वाचतात असे आईला वाटते. पण लपविलेले अक्षर पुसले जात नाही. ते पुढच्या वहीत तसेच उतरते.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे. आपण पत्रिकेतील छत्तीस गुण जुळवतो, मग ही दोन अक्षरे पाहायला लाज कशाची? प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात तपासणी विनामूल्य होते. लग्नाच्या वयाआधीच ती करून घ्या. मुलींनी करा आणि मुलांनी तर नक्कीच करा. दोघेही वाहक निघाले तर घाबरून न जाता डॉक्टरांचा सल्ला घ्या. गर्भाची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते. सिकलसेल शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, हे घरी आजीला सांगा. आणि ज्याच्या कार्डावर 'एसएस' आहे, त्याला परीक्षेच्या दिवसांत पाण्याची बाटली आणि थोडी सावली मिळेल एवढे आपण वर्गात बघू शकतो.

माझे कार्ड मी आता ओळखपत्राच्याच पाकिटात ठेवते. आईने ते पाहिले आहे. ती अजून काही बोलली नाही, पण परवा तिने धाकट्या भावाला सोबत घेतले आणि त्याचीही तपासणी करून आणली.